सरावाचा पेशंट

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत पुन्हा नोकरीला लागलो, आणि ती कसली हे घरी सांगायची सोय नाही. म्हणून इथे लिहितो.

मी पेशंट आहे. खरा नव्हे, सरावाचा. लैंगिक आरोग्य केंद्रात लोक तपासून घ्यायला येतात, शंका विचारायला येतात, आणि त्यांच्याशी बोलायचं कसं हे शिकायला तरुण मंडळी येतात. त्यांना एकदम खऱ्या माणसांवर सोडलं तर कोण काय बोलून बसेल याचा नेम नाही. म्हणून आधी आमच्यावर हात साफ करायचा. कागदावर आपलं वय, धंदा, दुखणं लिहून मिळतं. ते पाठ करायचं आणि खोलीत जाऊन लाजायचं, चिडायचं, रडायचं, जे लिहिलं असेल ते.

माझा जन्म वीजमीटर तपासण्यात गेला, पण ऑफिसच्या नाटकात दरवर्षी मुख्य भूमिका माझीच असायची. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं." एवढी पारख असलेली बाई बऱ्याच दिवसांनी भेटली. त्यांना नवराबायकोच्या सरावासाठी एक बाईही हवी आहे, पण या कामाला बायका तयार होत नाहीत म्हणाल्या.

घरी हिला सांगितलंय की वाचनालयात पुस्तकं लावायला जातो. ही कापडाच्या दुकानात दुरुस्तीच्या मशीनवर बसते. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाची कंबर सैल कर. राहिलेलं काम घरी आणते आणि शिवणाच्या खोलीत बसून करते. गेले काही महिने झोपतेही तिथेच. तिथली गादी कडक आहे, पाठीला बरी पडते म्हणते. अशात "मी लैंगिक आरोग्य केंद्रात लागलो" म्हणालो असतो तर टोमणा मारल्यासारखं झालं असतं. माझं तिच्या तिथे झोपण्याबद्दल काही म्हणणं नाही. मला सगळा पलंग मिळतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सराव फक्त गुरुवारी, चौथ्या खोलीत. बाकीच्या खोल्यांत खरे पेशंट.

नियम भारी आहेत. इथे कुणाला नावाने हाक मारत नाहीत, टोकन देतात. सरावाच्या पेशंटनेही टोकन घेऊन बाहेर सगळ्यांत बसायचं, म्हणजे भूमिका अंगात येते. बाहेरच्या खोलीत ओळखीचं कुणी दिसलं तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. सख्खा भाऊ समोर बसलेला असला तरी भिंतीकडे बघायचं. मी चुकून 'गुप्तरोग' म्हणालो तर काउंटरवरच्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "काका, इथे रोग गुप्त नसतो. माणूस गुप्त असतो."

आणि सराव संपला की भूमिका उतरवायची. म्हणजे स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट मोठ्याने सांगायची, नाहीतर माणूस पेशंट होऊनच घरी जातो म्हणे.

आज मी बाहेरून संसर्ग घेऊन आलेला ट्रकचालक होतो. बायकोलाही तपासणीला आणायला हवं, पण तिला सांगायचं कसं, हा माझा प्रश्न. समोर एक चष्मेवाली मुलगी होती. घाबरली की चष्मा काढते, मग तिला कागद दिसत नाही, मग आणखी घाबरते.

"घरी बोलणं होतं का?" तिने विचारलं.

"काय बोलणार? ती दुसऱ्या खोलीत झोपते. पाठ दुखते म्हणते. मला काय पाठ दिसत नाही का?"

बाहेर आल्यावर मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "पाठीचं वाक्य कागदावर नव्हतं."

म्हटलं, नटाला भर घालावी लागते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुकच असावं.

भूमिका उतरवताना मी सांगितलं, मला पोहता येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार



बाहेरच्या खोलीत टोकन घेऊन बसलो होतो. आज मला चिडका दुकानदार करायचा होता, म्हणून कपाळाला आठ्या घालून तयारी चाललेली. समोरच्या रांगेतल्या बाईने मान वर केली. ही. माझी बायको. दुकानात जाताना नेसते तीच राखाडी साडी.

मी भिंतीकडे बघितलं. नियम म्हणजे नियम. भिंतीवर निरोधाचं पोस्टर होतं, त्यातली सगळी वाक्यं वाचली. पुन्हा बघितलं तर ही हातातल्या टोकनाकडे बघत होती. तिनेही ओळख दाखवली नाही, आणि तिने दाखवल्याशिवाय मी कशी दाखवणार? मग तिचा नंबर पुकारला आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. खऱ्या पेशंटच्या.

मी चिडका दुकानदार असा काही केला की चष्मेवालीला पाणी प्यावं लागलं.

जेवताना तिने विचारलं, "वाचनालयात गर्दी होती?"

"बेताची," मी म्हणालो. "आणि दुकानात?"

"बेताचीच."

ही तिथे कशाला आली होती?

१७ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस हाच विचार. तपासायला येतात ते कशाला येतात हे मला आता चांगलं ठाऊक आहे. माझ्याकडून काही होणं शक्य नाही, आमचं तर सगळंच बंद आहे. मग कुणाकडून? डोकं चालेनासं झालंय.

त्यात घरात विचित्र प्रकार सुरू आहेत. माझा टॉवेल वेगळ्या दांडीवर गेला. माझा पेला वेगळा. काल बघितलं तर माझे रुमाल उकळत्या पाण्यात. या गोष्टी टॉवेल-पेल्यातून पसरत नाहीत हे केंद्रात पहिल्याच दिवशी शिकवतात, पण तिचा माझ्या टॉवेलाशी काय संबंध? माझी किळस यायला लागली असणार. दुसरं माणूस मनात भरलं की घरच्याचा पेलासुद्धा नकोसा होतो.

सकाळी चहा देताना मान खाली घालून म्हणाली, "औषध वेळेवर घेताय ना?"

"कसलं औषध?"

तिने चहाची बशी पुसली. "बीपीचं."

मला बीपीची गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली. यापूर्वी कधी विचारलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सरावाआधी काउंटरवर गेलो. आवाज खाली आणून विचारलं, गेल्या गुरुवारी राखाडी साडीतल्या एक बाई आल्या होत्या, कशासाठी, एवढंच.

"काका," ते म्हणाले, "उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं, तर तुम्ही इथे येता की नाही हेही मी सांगणार नाही. मग त्यांचं कसं सांगू?"

बरोबर आहे. माणूस शिस्तीचा आहे. माझी सोय मात्र काही झाली नाही.

घरी टॉवेल पुन्हा जुन्या जागी आला आहे. पेलाही. ही कुणाला तरी काहीतरी विचारून आली असावी असं वाटतं. पण जेवताना माझ्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. भाजी तिखट नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कापडाच्या दुकानात जाऊन आलो. तिथे कापड बेतणारे एक मास्तर आहेत, ही त्यांचं नाव फार काढते. मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. म्हटलं, एकदा बघून तरी घ्यावं.

मास्तर सत्तरीचे आहेत. कानात यंत्र. मी कोण हे सांगितलं तर टेप घेऊन माझी छाती मोजायला लागले. संशय घ्यावा अशी एकही गोष्ट त्या माणसात सापडली नाही, याचं समाधान मानावं की मी आणखी कोणाला शोधत फिरावं, कळेना.

ही मशीनवर होती. तोंडात टाचण्या. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. टाचण्या काढून मला बाहेर घेऊन आली.

"इथे नको," म्हणाली. "जे सांगायचंय ते घरी सांगा. मी ऐकून घेईन."

"मी सहज आलो होतो."

"असं सहज तुम्ही कधी आला नाहीत."

घरी वाट बघत बसलो, ही काय सांगते ते ऐकायला. ती समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी उठून कपड्यांच्या घड्या करायला गेली. सांगायचं तिला आहे आणि थांबते माझ्यासाठी. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजच्या कागदावरचा नवरा कुरकुऱ्या होता. बायको टाळते अशी त्याची तक्रार. मला काहीच पाठ करावं लागलं नाही.

चष्मेवाली आता चष्मा काढत नाही. सरळ विचारलं, "त्यांना काही त्रास होतो का, असं तुम्ही कधी विचारलंत?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. मी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणालो, "ती स्वतःहून सांगेल की."

"आणि नाही सांगितलं तर?"

भर घालायला काही सुचेना.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांना तिथे कोरडेपणा येतो, जवळ येताना दुखतं. त्यावर मलम असतं, उपाय असतात. पण बाई लाजेने बोलत नाही आणि नवऱ्याला वाटतं आपण नकोसे झालो. दोघं वर्षानुवर्षं रुसून बसतात. माहिती चांगली होती. असले नवरे जगात पुष्कळ असतील. विचारायला काय जातं त्यांचं?

४ मार्च, मंगळवार

काय झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो.

दुपारी ही लवकर आली. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "माझा रिपोर्ट आला. मला काही झालेलं नाही. आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"मी तुम्हाला तिथे पाहिलं. तुम्ही मला पाहिलंत आणि तोंड फिरवलंत. मी वाट बघितली. वाटलं आज सांगतील, उद्या सांगतील. रागवायचं नाही असंसुद्धा ठरवलं होतं. कोण आहे ती?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. म्हणजे इतके दिवस ती मला. आणि मी तिला. मला हसू फुटलं, आणि ते फार वाईट झालं.

मी म्हणालो, "अगं, मी पेशंट नाही. पेशंटचं काम करतो."

तिने पर्स टेबलावर ठेवली.

"सरावाचा पेशंट. शिकाऊ लोकांना शिकवायला. मी आजारी असल्याचं नाटक करतो."

"एवढी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "निदान बरं काहीतरी रचून सांगायचं."

मी केंद्राला फोन लावला. स्पीकरवर टाकला. काउंटरवरच्या गृहस्थांना म्हणालो, मी बोलतोय, माझ्या बायकोला जरा सांगा मी तिथे काय करतो.

"माफ करा," ते म्हणाले, "इथे कोण येतं आणि कशासाठी येतं, हे आम्ही कुणालाच फोनवर सांगत नाही."

"अहो, मी स्वतः विचारतोय."

"तुम्ही तुम्हीच आहात हे फोनवर मला कसं कळणार?"

हिने फोन बंद केला. रविवारी मुलीकडे जाते म्हणाली. परत कधी, असं विचारलं तर उत्तर दिलं नाही. सुटकेस वरून काढून द्यायला मात्र मलाच सांगितलं, आणि मी काढून दिली.

म्हटलं, जाण्याआधी गुरुवारी एकदा माझ्याबरोबर चल. डॉक्टरांच्या तोंडून ऐक.

"येते," म्हणाली. "डॉक्टरांसमोर तरी खोटं बोलणार नाही तुम्ही."

६ मार्च, गुरुवार

मोठ्या डॉक्टर मीटिंगला गेल्या होत्या. काउंटरवरच्यांनी आम्हा दोघांकडे बघून मान हलवली, "आज जोडी का काका? मिळाल्या वाटतं बाई," आणि चौथ्या खोलीचं टोकन दिलं. मला वाटलं, बरं झालं, चष्मेवाली मला ओळखते, तीच हिला सगळं सांगेल. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

चष्मेवालीने नेहमीसारखी सुरुवात केली. "इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. सावकाश सांगा, काय झालंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, "मी सांगते."

आणि सांगायला लागली. "पाळी गेल्यापासून मला जवळ येताना दुखतं. चिरल्यासारखं. पहिल्या वेळी मी यांना म्हटलं, आज नको. हे 'बरं' म्हणाले आणि पाठ करून झोपले. दुसऱ्या वेळीही तेच. पुढे विचारणंच सोडलं, नुसता सुस्कारा टाकायचे. रोज तो सुस्कारा ऐकण्यापेक्षा म्हटलं खोली बदलावी."

सुस्कारा टाकल्याचं मला आठवत नाही.

"तुम्ही यांना कारण सांगितलंत?"

"पाठ दुखते असं मी म्हणाले. वाटलं, पाठीला काय झालं असं तरी विचारतील. मग निघेल विषय. यांनी कधी विचारलंच नाही. शेवटी मीच धीर केला आणि इथे आले. मला माझ्या खोलीत परत जायचं होतं, म्हणून आले होते. बसले आणि मान वर केली तर समोर हे. मला बघून यांनी तोंड फिरवलं. मी आत गेले होते दुखण्याचं सांगायला, आणि डॉक्टरांना म्हटलं, आधी माझ्या सगळ्या तपासण्या करा."

चष्मेवाली मध्ये बोलत नव्हती. हातातल्या हिरव्या पेनने समोरच्या कागदावर खुणा करत होती. सरावाला मार्क देतात तोच कागद. तेव्हा मला कळलं. चष्मेवाली हिला सरावाची बाई समजली होती.

मी थांबवायला हवं होतं. पण ही बोलत होती. थांबवलं असतं तर ती शरमेने उठून गेली असती आणि पुन्हा जन्मात बोलली नसती. आणि खरं सांगायचं तर मला पुढचं ऐकायचं होतं. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो.

"रिपोर्ट येईपर्यंत यांना रोज वाढत होते," ही म्हणाली. "उठून निघून जावंसं वाटायचं. मग वाटायचं, हे एकटेच घाबरले असतील, आणि यांना कुणाला सांगताही येत नसेल."

ती थांबली. चष्मेवालीने पेन ठेवलं. "फार छान झालं. काका, तुम्ही आज गप्प राहिलात तेही बरोबर, असे नवरे गप्पच बसतात. काकू, तुम्ही नवीन ना? इतकं खरं अजून कुणी केलं नव्हतं. आता भूमिका उतरवू या. स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट सांगा."

हिने तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे खरंच इथे पेशंटचं काम करतात?"

"हो, दर गुरुवारी."

"आणि मलाही तुम्ही तसलंच समजलात."

चष्मेवालीचा हात चष्म्याकडे गेला.

"खरी गोष्ट पाहिजे ना," ही म्हणाली, "तर लिहून घ्या. यातलं एकही वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं."

पुढे बरंच काही झालं. चष्मेवाली रडली. मोठ्या डॉक्टर मीटिंग सोडून धावत आल्या, त्यांनी तो कागद हिच्या हातात दिला आणि हिची माफी मागितली. हिने कागदाचे बारीक तुकडे करून पर्समध्ये टाकले आणि चष्मेवालीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं ऐकणं चांगलं होतं," म्हणाली.

माझ्याशी घरापर्यंत बोलली नाही. मी निर्दोष ठरलो होतो, आणि इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

मुलीकडे गेली नाही. सुटकेस पुन्हा वर ठेवायला सांगितली.

मला वाटलं मिटलं. म्हणून म्हणालो, आता या खोलीत यायला हरकत नाही.

"आधी मला भीती वाटत होती," ती म्हणाली, "त्यामुळे राग यायला सवडच मिळाली नाही. तो आता येतोय."

"पण मी तर काही केलं नव्हतं."

"तेच सांगतेय. काहीच केलं नाहीत तुम्ही."

किती दिवस राग राहील असं विचारलं. माहीत नाही म्हणाली. "विचारत जा."

हा होकार झाला की नकार? मला अजून समजत नाही.

१३ मार्च, गुरुवार

माझं काम आज साफ पडलं. कागद सोपा होता, तरी एकही वाक्य सुरळीत आलं नाही. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, "आधी कसे भडाभडा बोलायचात. आज प्रत्येक वाक्याआधी थांबत होतात." मग म्हणाल्या, वाईट नाही. वाईट नाही म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

घरी आलो तेव्हा ही मशीनवर होती. दारात उभा राहिलो. तिच्या खोलीत न विचारता जायचं नाही असं मीच ठरवलंय.

"अजून राग आहे?"

"आहे," तिने मान वर न करता सांगितलं.

परत फिरणार होतो. तिथेच थांबलो. कसं विचारायचं ते सुचत नव्हतं, चष्मेवालीचं वाक्य तेवढं आठवत होतं आणि ते माझ्या तोंडी वेडंवाकडंच आलं असतं. शेवटी नुसतं म्हणालो, "दुखतं म्हणालीस ते. कसं दुखतं?"

मशीन थांबलं. मला वाटलं पुन्हा चुकलो. मग तिने बाजूच्या स्टुलावरचे कपडे उचलून खाली ठेवले.

"बसा," म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."